पद्मिनीचा एल्बो

आमच्याकडे ८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. अण्णांनी नवी घेतलेली. वेळणेश्वरच्या खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही, तो दोनदा करून घेतला. इंजिनाने मात्र कधी कटकट केली नव्हती. म्हणून २०२४च्या फेब्रुवारीत गाडीखाली पाण्याचा डाग दिसला, तेव्हा मी आठ दिवस तो मनावर घेतलाच नाही.

गळत होतं ते हेडवरच्या एल्बोतून. हेडमधलं गरम पाणी ज्यातून रेडिएटरच्या वरच्या नळीत जातं, तो अॅल्युमिनियमचा वाकडा तुकडा. नळी काढली तर आत पांढरी भुकटी. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जरा टेकवलं आणि ते आरपार गेलं. आधी डोळ्याला दिसेल असं भोक नव्हतं, कागदाएवढी भिंत उरली होती.

मला वाटलं, मुंबईहून नवा मागवू. पण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. हजारो टॅक्स्या होत्या तोवर त्यांच्यासाठी बारीकसारीक सामान बनत होतं. गिऱ्हाईकच गेल्यावर कोण बनवणार? ऑपेरा हाऊसला भाच्याने दोन दिवस घातले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक जुना एल्बो मिळाला. तो आला, पाहिला, आणि आमच्यापेक्षा वाईट निघाला.

मग आर्गन वेल्डिंग. कोणी सांगितलं म्हणून नाही, मलाच ती हौस. चाळीस वर्षं पाणी आणि तेल प्यालेलं ओतीव अॅल्युमिनियम नीट वेल्ड होत नाही. ठिणगी लागली की आतली घाण बुडबुडे होऊन वर येते. वेल्डिंगवाल्याने तीनदा घासलं, तीनदा भरलं. शेवटी भोक बुजलं, पण उष्णतेने एल्बोचं बूड वाकलं. काचेवर ठेवलं तर डुगडुगत होतं. तो एल्बो तेव्हाच फेकायला हवा होता.

मी तो नमुना म्हणून चिपळूणला एका लेथवर नेला. 'असंच करून द्या' एवढंच सांगितलं. त्याने कोपऱ्यातला अॅल्युमिनियमचा एक ठोकळा घेतला. कुठल्या जातीचा, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माल मऊ होता. टूलला चिकटत होता, आतला पृष्ठभाग कापल्यासारखा नव्हे, फाडल्यासारखा दिसत होता. तरी मला चकाकी आवडली. घरी आल्यावर भोकं स्टडवर बसेनात. वाकलेल्या बुडावरून माप घेतलेलं, बसणार कशी? मी कानसीने भोकं लांबट केली आणि बसवला. हे सांगताना आजही लाज वाटते.

आणखी एक चूक मला दिसलीच नव्हती. जुन्या एल्बोच्या तोंडाशी नळी अडकायला बारीक कंगोरा होता. गंजात तो झिजून गेलेला, म्हणून नव्यातही आला नाही. पाणी तापून दाब वाढला की गुळगुळीत तोंडावर नुसती क्लिप पुरत नाही. पालशेतच्या चढणीवर नळी निसटली आणि बॉनेटमधून वाफेचा लोट आला. अण्णा शेजारी बसले होते. एक भला माणूस घरातून पाण्याची बादली घेऊन धावत आला. त्याला मी हात जोडून थांबवलं. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की ते पिळवटतं, तडकतंसुद्धा. आम्ही पाऊण तास रस्त्याकडेला बसलो. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

त्यानंतर एसटीने कुंभार्ली घाट चढून कोल्हापूर. उद्यमनगरात तिसऱ्या दुकानातल्या टर्नरने माझा तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला.

"ह्याच्यावरनं न्हाई करणार मी. हे सगळं चुकीचंच हाय. हेडचं माप आणा."

रागाने घरी आलो. पण तो बरोबर होता. हेडवर जाड पुठ्ठा धरून कडांवर गोल तोंडाच्या हातोडीने हलकं ठोकलं, तर बुडाचा नेमका आकार उमटला. शेजारचा मुलगा इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. तो व्हर्नियर घेऊन आला. दोन स्टडमधलं अंतर कसं काढायचं ते त्याने दाखवलं: बाहेरून बाहेर माप घ्यायचं आणि त्यातून एका स्टडची जाडी वजा करायची. एवढं सोपं मला आधी सुचलं नव्हतं. याच खटपटीत एक स्टड हेडमधले आटे घेऊनच बाहेर आला. तिथे हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून घ्यावी लागली.

दुसऱ्या खेपेला टर्नरने सव्वा किलोचा ठोकळा घेतला, एचई-३० जातीचा. फोर-जॉ चकमध्ये धरून आधी बूड सपाट केलं आणि खालून बोअर मारला. मग ठोकळा काटकोनात फिरवून बाजूने दुसरा बोअर, पहिल्याला आत जाऊन मिळणारा. त्याच बांधणीत बाहेरून तोंड गोल केलं आणि कंगोरा ठेवला. टूलवर थेंबथेंब रॉकेल. चुरा लांब कुरळा निघत होता, चिकटत नव्हता. शेवटी हातात आलं ते जेमतेम पाव किलो, बाकी खाली पडलेलं.

बसवण्याआधी काचेवर पॉलिश पेपर ठेवून बूड घासलं. आधीच्या खेपेला मी दिमाखात स्टेनलेसचे नट लावले होते. खाऱ्या हवेत स्टेनलेसशेजारी अॅल्युमिनियमच आधी खाल्लं जातं, म्हणून साधे झिंक चढवलेले लावले, आट्यांना ग्राफाइट ग्रीस. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. इंजिन एकदा तापवून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा.

मूळ दुखणं मात्र टर्नरनेच ओळखलं होतं. "पाणी कुठलं घालताय?"

आमच्या विहिरीचं. समुद्र जवळ, उन्हाळ्यात ते मचूळ लागतं. त्यातलं मीठ अॅल्युमिनियमला खड्डे पाडतं. वर बीड आणि रेडिएटरचं पितळ त्याच पाण्यात. आमच्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं मी मिरवून सांगत असे. ते गंज रोखायलाही असतं, हे ऐकलं नव्हतं. रेडिएटर धुतला तर बादल्याच्या बादल्या विटकरी पाणी निघालं. आता तयार मिसळलेलं कूलंट घालतो.

रोज सकाळी तांब्याने ते विहिरीचं पाणी घालायचे अण्णा. अडतीस वर्षं, न चुकता. त्यांना मी एल्बो का सडला ते सांगितलेलं नाही. बाहेर निघालो की ते ओटीवरून विचारतात, "पाणी बघितलंस का रे?"

"बघितलं," मी म्हणतो.