बाबांचा साडेअकराचा चहा

आमचे बाबा ३१ मे रोजी रिटायर झाले. त्या पिढीतल्या निम्म्या जनतेचा वाढदिवस १ जून असतो (मास्तरांची कृपा!), आणि एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या दिवशीच घरी जातो. वय ५८, शाल-श्रीफळ, दोन भाषणं, सगळं यथासांग पार पडलं.

मग खरी गंमत सुरू झाली. ऑफिसात साडेअकराला चहा यायचा, म्हणून घरीही साडेअकराला बाबांना चहा लागतो. चहाबरोबर चिवडा. तीन वाजता पुन्हा तेच. बस स्टॉपपर्यंतचं चालणं आणि ऑफिसचे तीन जिने मात्र बंद. शिवाय बसल्या बसल्या स्वयंपाकघराचं ऑडिट: "डाळीचा डबा इथे का? तेल महिन्याला किती लागतं?" दुपारी दोन ते चार ही आईची हक्काची झोप. तीही गेली.

सप्टेंबरात बाबांचं एचबीएवनसी ६.२ आलं. ही म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर, त्यामुळे आदल्या रात्री उपाशी राहून फसवता येत नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. थोरल्या काकांच्या पायाचं बोट याच आजारात काढावं लागलं होतं, त्यामुळे घरात कुणी विनोद केला नाही.

आयटीवाल्याच्या घरात पुढे काय होणार? एक्सेल शीट! आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या. त्यात दिवसाला मीठ ५ ग्रॅमपर्यंत, आणि निम्म्याहून कमी उष्मांक धान्यातून. आपल्या ताटात उलटं असतं: चार पोळ्या, वर भात, आणि कोशिंबीर चमचाभर. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. भाकरीत तंतू असतात हे खरं, पण तीन भाकऱ्या म्हणजे शेवटी पिष्टच. म्हणून पोळ्या दोन, उसळ वाटीभर, भाजी दुप्पट, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात.

आई शीट बघून एवढंच म्हणाली, "खाणारा एक, सांगणारे तीन, आणि करणारी मी."

बायकोने आईचीही तपासणी करून घेतली. तिचं आलं ६.४. बाबांपेक्षा जास्त!

कारण शोधायला शीट लागली नाही. बाबांनी नाकारलेला अर्धा लाडू, उरलेला भात, तळाशी राहिलेला शिरा, सगळं "वाया कशाला घालवायचं" म्हणून आईच्या ताटात जात होतं. तेही सगळ्यांचं झाल्यावर, अडीच वाजता.

बाबा त्या दिवशी फार बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पिशवी घेऊन मंडईत गेले. मेथी निवडायला दीड तास लागला, पण निवडली. आता भाजी आणणं, निवडणं, चिरणं बाबांकडे, आणि त्याचं रजिस्टरही आहे, तारीखवार. अन्न मोजून शिजतं, उरलं तर फ्रीजमध्ये जातं, आईच्या ताटात नाही. साडेअकराचा चहा चालू आहे, बिनसाखरेचा. तो बाबा स्वतः करतात, दोन कप. मला वाटतं त्यांना भूक कधी नव्हतीच, चहाला सोबत हवी होती. दोन ते चार स्वयंपाकघर बंद!

डिसेंबरात बाबा ५.९, आई ६.१. म्हणजे उंबरठ्यावरच, पण तोंड बाहेरच्या दिशेला.

रविवारी बाबा पिठलं करतात. गुठळ्या असतात. आई सगळ्यांत आधी जेवायला बसते, गरम भाकरीची वाट बघत, आणि मीठ कमी पडलं म्हणून सांगते.