दुसरी चावी

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे फ्लोरिडातील टँपा येथे तीन महिने राहून आलो. ती तेथील एका इस्पितळात फार्मासिस्ट आहे. एके रात्री जेवताना ती म्हणाली, "अण्णा, आज माझे काम अगदी तुमच्यासारखे होते. ताळा जमत नव्हता."

मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी तीव्र वेदनाशामके तेथे संगणकाला जोडलेल्या कुलूपबंद कपाटात असतात. परिचारिकेने स्वतःची ओळख पटविल्यावाचून खण उघडत नाही. कोणी, केव्हा, कोणत्या रुग्णासाठी किती घेतले, याची नोंद होते. कुपीतले निम्मेच औषध द्यायचे असेल, तर उरलेले दुसऱ्या परिचारिकेच्या देखत नष्ट करावयाचे व दोघींनी तशी नोंद करावयाची. मला आमच्या शाखेची तिजोरी आठवली. एक चावी हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. आणि हेही आठवले की, गर्दीच्या दिवशी न पाहता सही करणारा माणूस दोन्हीकडे भेटतोच.

"औषध परिचारिकेनेच घेतल्याचे निघाले तर? नोकरी गेली, पोलीस आले, असेच ना?" मी विचारले.

चोरी झाली असल्यास ती सरकारी यंत्रणेला कळवावीच लागते, असे ती म्हणाली. परंतु परिचारिका व्यसनाच्या आहारी गेली असेल, तर आणखी एक वाट असते. १९८३ साली फ्लोरिडाने कायदा करून परिचारिकांसाठी एक योजना उभी केली. 'इंटरव्हेन्शन प्रोजेक्ट फॉर नर्सेस' हे तिचे नाव. पुढे इतरही अनेक राज्यांनी अशा योजना काढल्या. परवाना जाईल या भीतीने परिचारिका आजार लपवते आणि लपविलेल्या आजाराचा धोका रुग्णाला होतो, हे त्यामागचे साधे गणित. म्हणून आधी काम थांबवायचे, तज्ज्ञांकडून तपासणी, मग उपचार आणि त्यानंतर लेखी करार. अटी पाळल्या तोवर नावाचा बोभाटा नाही.

मला हे फारच सौम्य वाटले. तेव्हा लेकीने कराराच्या अटी सांगितल्या. मुदत कित्येकदा पाच वर्षांपर्यंत. रोज नोंद करून आज लघवीची तपासणी आहे काय, हे पाहायचे. बोलावणे कोणत्याही दिवशी येते. दारूचा थेंबही चालत नाही. अल्कोहोल असलेले गुळणीचे औषधसुद्धा टाळावे लागते. कामावर परतल्यावर काही काळ त्या कपाटाची मुभा नसते. वरिष्ठांना सारे ठाऊक असते व ते वेळोवेळी अहवाल पाठवितात. परिचारिकांच्याच आधारगटात नियमाने बसायचे. तपासण्यांचा खर्च बहुधा तिच्याच पदरचा. अटी मोडल्या, तर प्रकरण शिस्तभंगाच्या कारवाईकडे जाते. आमच्या थकीत कर्जाच्या पुनर्रचनेतही इतक्या अटी मी घातल्या नव्हत्या.

अशा योजना निर्दोष आहेत, असे मात्र नव्हे. उत्पन्न थांबलेल्या बाईवर तपासण्यांचा भार टाकणे मला पटत नाही. शिवाय व्यसनमुक्तीसाठी डॉक्टरांनीच दिलेली औषधे घेण्यास इंडियाना राज्याच्या परिचर्या मंडळाने तेथील योजनेतील परिचारिकांना मनाई केली होती. हा अपंगांविषयीच्या कायद्याचा भंग असल्याचे अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२२ मध्ये सांगितले.

"तुमच्या इस्पितळात आहे का गं अशी कोणी?" मी सहज विचारले.

"असली तर मला ठाऊक असायचे कारण नाही, अण्णा. आणि ठाऊक असले, तर तुम्हांला सांगायचे कारण नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. आमचे हेड कॅशियर हिशेबाला चोख, मोजणीला विजेसारखे. त्यांच्या तोंडाला दुपारनंतर वास येतो, हे साऱ्या शाखेला ठाऊक होते. मी त्यांना सांभाळून घेतले. हात थरथरत असला की काउंटरवर दुसऱ्यास बसवी, घरी पोहोचवायला शिपाई देई. माणसाची अब्रू राखतो आहे, असे मला वाटे. दोन वर्षे मी हे गुपित राखले. पण त्या दोन वर्षांत डॉक्टरांचे नाव काढले नाही, की काही दिवस चावी काढून घेतली नाही. एकदा संध्याकाळी दोन हजार रुपये कमी भरले. मग मात्र मी नियमाप्रमाणे अहवाल लिहिला. निलंबन, चौकशी, बडतर्फी. अहवालात एकही शब्द खोटा नव्हता. मागच्या दोन वर्षांविषयी मात्र त्यात एकही शब्द नव्हता.

आपल्या पेढ्यांवरही असे जुने मुनीम असतात. त्यांच्याविषयी घरात दबक्या आवाजात बोलणे होते आणि दिवाळीला हातावर रक्कमही ठेवली जाते.

कॅशियर पुढे फार जगले नाहीत. निवृत्तीनंतर एका लग्नात त्यांच्या पत्नी भेटल्या. मी नमस्कार करून काहीतरी पुटपुटलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही शिपायाबरोबर त्यांना घरी पाठवीत होता ना, तेव्हा एकदा तुम्हीच आला असता, तर मी बोलले असते." पंगत बसत होती. त्या आत निघून गेल्या आणि मी चपला शोधू लागलो.