शंभर ग्रॅमची शाल

क्रोशे शिकायला येणाऱ्या बायकांच्या कपाटात एखादी तरी लडी अशी असते, की तिला त्या हात लावत नाहीत. कुणाच्या मुलीनं ती लेहहून आणलेली असते, कुणाच्या सासूबाईंनी काश्मीरच्या सहलीत घेतलेली. मलमलच्या तुकड्यात गुंडाळून, वर कडुलिंबाचा पाला ठेवून ती जपलेली असते. या बायका वर्गात साध्या अ‍ॅक्रिलिकवर सुरेख काम करतात, अननसाचं डिझाइन पुस्तक न बघता विणतात. पण त्या लडीचा विषय काढला की म्हणतात, "ताई, अजून हात तेवढा बसला नाही." मला हे पटत नाही. हात केव्हाच बसलेला असतो. भीती असते ती लोकर मधेच संपेल याची, आणि तिच्यावर सरावापेक्षा हिशेब हाच उपाय आहे. तो हिशेब इथे मांडायचा आहे, कारण विणकामाच्या वर्गांत टाके सगळे शिकवतात, हे फारसं कुणी शिकवत नाही.

त्याआधी एक समज दूर करायला हवा: कपाटात ठेवलेली लोकर सुरक्षित असते हा. कसर लोकर खाऊनच जगते. ही पतंगाची अळी लोकरीतलं केराटिन पचवते. मेंढीची लोकर, पश्मीना, मोहेअर हे सगळं तिचं अन्न. रेशमालाही ती सोडत नाही. स्वेटरला एका जागी भोक पडलं तर रफू करता येतं. लडीचं तसं नसतं. लडीत एकच धागा शेकडो वेढे घेऊन एकावर एक बसलेला असतो. अळीनं एका जागी कुरतडलं की तिथले सगळे शेजारचे वेढे तुटतात, आणि गुंडा करायला बसलं की हातात वीतभर-हातभर तुकडे येतात. कसरीला अंधार आणि निवांतपणा लागतो. अंगावर वापरल्या जाणाऱ्या, वरचेवर झटकल्या जाणाऱ्या शालीला तिचा उपद्रव फार कमी होतो.

लडी जपावीशी का वाटते, हे मला पुरेपूर कळतं. पश्मीनाचंच बघा. लडाखमधलं चांगथांग पठार समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून उंच. तिथल्या चांगथांगी शेळीच्या राठ केसांखाली हिवाळ्यात मऊ लव येते आणि वसंतात ती गळायला लागते, तेव्हा चांगपा पशुपालक ती विंचरून काढतात. हे तंतू १२ ते १५ मायक्रॉन जाडीचे. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर ३० मायक्रॉनच्या वर जाते. पावसात मेंढ्यांमागे उभं राहायला तिच्या घोंगडीसारखं दुसरं काही नाही, पण जाळीदार शालीसाठी ती नव्हे. शेळीची विंचरलेली लव साफ करून राठ केस वेगळे काढले की फार थोडं हाती उरतं. चांगली १०० ग्रॅमची लडी म्हणजे साधारण एका जनावराचा पूर्ण हिवाळा आहे, असं मी मुलींना सांगते. ते वाया घालवू नये हे खरंच. पण कपाटात ठेवणं हेही वाया घालवणंच आहे.

क्रोशासाठी मात्र लडी पारखून घ्यावी. हातानं कातलेला एकपदरी पश्मीना मागासाठी असतो. मागावर धाग्याला ताण बसतो, पण सुईच्या आकड्यानं तो पुन्हापुन्हा ओढला जात नाही. क्रोशात प्रत्येक टाक्याला आकडा धाग्यात शिरतो, पीळ सैल असेल तर पदर फाटतात. म्हणून दुपदरी, नीट पीळ दिलेला धागा घ्यावा. त्यात थोडं मलबेरी रेशीम असेल तर मला जास्त आवडतं: रेशमानं बळ येतं आणि शाल अंगावरून पाण्यासारखी ओघळते. १०० ग्रॅमला ८०० मीटर भरणारा असा धागा जाळीदार शालीला योग्य.

आता क्रोशाच्या जातीविषयी. दोन सुयांच्या विणकामात ओळीतला प्रत्येक टाका सुईवर उघडा असतो. क्रोशात कोणत्याही क्षणी उघडा टाका एकच. बाकीचे सगळे मागे बंद होऊन गेलेले. यातून दोन गोष्टी येतात. एक म्हणजे क्रोशाची वीण जाड होते आणि लोकर जास्त खाते. शेटलंड बेटांवरच्या शाली अंगठीतून ओढून दाखवतात, त्या दोन सुयांच्या. क्रोशानं त्या पातळपणाशी स्पर्धा करू नये. दुसरी गोष्ट ही, की क्रोशात भोक कुठेही, कोणत्याही आकाराचं ठेवता येतं, कोणत्याही दिशेला वळता येतं, आणि टाका निसटून खाली धावत जात नाही. त्यामुळे क्रोशाची जाळी म्हणजे मुळात पोकळीची रचना, आणि तिथे या कलेला तोड नाही.

आणि ही कला अजून यंत्राला साधलेली नाही. क्रोशासारखं दिसणारं कापड यंत्रं विणतात, पण खरं क्रोशे आजही कुणाच्या तरी हातचंच असतं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला, तेव्हा क्लोन्स गावात तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी १८४७ मध्ये बायकांना क्रोशे शिकवायची सोय केली. फुलं-पानं सुटी विणायची आणि मग गाठींच्या जाळीनं एकमेकांना जोडायची, ही तिथली रीत. त्या लेसवर कुटुंबं जगली. इकडे आंध्रात, गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूरला १९व्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला आणली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. परदेशी जाणारी लेस विणूनही या बायका कामगारांत मोजल्याच जात नाहीत, घरबसल्या फावल्या वेळात काहीतरी करतात असंच धरलं जातं, हे त्यांनी दाखवून दिलं. बाजारात क्रोशाचं काही फार स्वस्त दिसलं की मला नरसापूर आठवतं आणि घासाघीस करवत नाही.

मराठी घरांत क्रोशे पोहोचलं ते तोरणांतून, ताटावरच्या रुमालांतून, रुखवतातून. सुती दोरा, १ ते १.५ मिमीची पोलादी सुई आणि घट्ट हात. रुमाल खळ घालून ताठ उभा राहिला पाहिजे, तर रुखवतात नाव होतं. या घट्ट हाताचा मला अभिमान आहे, पण शालीला तो घातक. तेवढ्याच जाडीच्या लोकरीला ३ ते ३.५ मिमीची सुई घ्यावी लागते, धागा बोटावरून सैल सोडावा लागतो. विणताना काम ढगळ, अगदी गबाळं दिसतं. ते तसंच दिसलं पाहिजे. म्हणून आधी वीतभर नमुना विणावा, धुवावा, टाचण्यांनी ताणून वाळवावा, आणि मगच सुई ठरवावी. न धुतलेल्या नमुन्यावर विश्वास ठेवू नये.

मी अशा लडीला अननसच सुचवते. डोळ्यांना ओळखीचा आहे, आणि जपानी पुस्तकांत त्याचे आलेख मिळतात. साखळीला लंबगोल, खांबाला तिरकी रेघ मारलेला टी, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. तळाशी एका कमानीत दहा-बारा खांबांचा पंखा, वर साखळीच्या कमानी, दर ओळीला एक कमान कमी, शेवटी टोकाला एकच. दोन्ही बाजूंनी शिंपले चढत जातात आणि दोन टोकांच्या मधल्या जागेत पुढच्या थराचे अननस सुरू होतात.

आता हिशेब. त्रिकोणी शाल मानेच्या मध्यावरून सुरू केली की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा लांब. लोकर क्षेत्रफळाच्या प्रमाणात लागते, म्हणजे ओळींच्या वर्गाच्या प्रमाणात. ६० ओळींची शाल धरा. पहिल्या ३० ओळींना फक्त पाव लोकर लागते. अर्धी लोकर संपते तेव्हा तुम्ही ४२व्या ओळीच्या पुढे गेलेल्या असता. शेवटच्या सहाच ओळी जवळजवळ एक पंचमांश लोकर घेतात. म्हणून निम्म्या ओळी झाल्यावर गुंडा भरलेला दिसतो, मन निर्धास्त होतं, आणि ५५व्या ओळीला गुंडा हातात विरघळतो. बायका याला नशीब म्हणतात. हे साधं भूमितीचं गणित आहे.

अननसात आणखी एक पेच आहे: थर अर्ध्यावर सोडता येत नाही. १२ ओळींचा एक थर धरला तर पाच थरांची शाल ६० ओळींची. निर्णयाची जागा ४८वी ओळ. तिथे थांबून गुंड्याचं वजन करावं. सोनाराकडे असतो तसा दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हल्ली सहज मिळतो. ६० चा वर्ग ३,६०० आणि ४८ चा २,३०४. म्हणजे पाचव्या थराला आतापर्यंत लागलेल्या लोकरीच्या निम्म्याहून थोडी जास्त, ५६ टक्के लागणार. ४८ ओळींत ५५ ग्रॅम गेली असेल तर पाचवा थर ३१ ग्रॅम घेईल, काठाला १४ उरतील. करा. ६२ ग्रॅम गेली असेल तर पाचवा थर ३५ खाईल, हातात ३ ग्रॅम उरतील आणि शाल बिनकाठाची राहील. मग चारच थर करून भरगच्च, झुपकेदार काठ घालावा. ती शालही पूर्णच असते, फक्त आटोपशीर. काठ खांबांनी दाट असतो, त्याला मी १२ ग्रॅमपेक्षा कमी कधी धरत नाही.

ज्यांना ही धाकधूक नकोच, त्यांनी एका कोपऱ्यापासून आरंभ करावा. टाके वाढवत जायचे, लोकर वजनानं अर्धी झाली की घटवायला लागायचं. वाढवलं तसंच घटवलं तर शाल आणि लडी बरोबरीनं संपतात. अशा शालीत अननस मात्र नीट बसत नाहीत, साधी कमानींची जाळी शोभते.

उसवणं हा क्रोशाचा मोठेपणा आहे. टाका एकच उघडा, धागा ओढला की ओळच्या ओळ मोकळी. पश्मीना एक-दोनदा उसवणं सोसतो, नंतर त्याची लव उडायला लागते. मोहेअरचे केस एकमेकांत अडकतात. ते काम पिशवीत घालून थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवलं की टाके सुटायला सोपे जातात. ओढाताण करू नये, एकेक टाका सुईनं सोडवावा. कात्री अगदी शेवटी.

विणून झालेली शाल चुरगळलेली, अपेक्षेपेक्षा लहान दिसते. कोमट पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकून ती भिजू द्यावी. चोळू नये, पिळू नये: उष्णता आणि घासाघीस एकत्र आली की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत गुंततात आणि जाळीचा नमदा होतो. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावं, गादीवर स्वच्छ चादर घालून न गंजणाऱ्या टाचण्यांनी टोकन् टोक ताणावं, सावलीत पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावं. अननस तेव्हा पहिल्यांदा उघडतात. अ‍ॅक्रिलिकवर वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईनं हे पहिल्यांदा पाहिलं की ती गादीशेजारून हलत नाही, कारण अ‍ॅक्रिलिक नुसत्या पाण्यानं असा आकार धरत नाही.

उरलेले तीन-चार ग्रॅम टाकू नयेत. छोटी लडी करून, दोन जागी बांधून, शाल जेव्हा जेव्हा धुवाल तेव्हा तीही त्याच पाण्यातून काढावी. दहा वर्षांनी कुठे कमान तुटली तर दुरुस्तीचा धागा रंगानं आणि मऊपणानं शालीसारखाच निघतो.