किलोमीटर विचारू नका, वारा विचारा

उड्डाणाआधी विमानाचा मार्ग आखणं, वाटेतला वारा पाहून इंधनाचा हिशेब मांडणं, अडचणीत कुठे उतरता येईल ते ठरवणं, हे आम्हा फ्लाइट डिस्पॅचरचं काम. दोन विमानतळांत अंतर किती, या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर कधीच नसतं.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को घ्या. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर तो आर्क्टिक प्रदेशावरून जातो आणि अंतर भरतं सुमारे १२,४०० किलोमीटर. पण दिल्ली सोडताच हा दोरा हिमालय आणि तिबेटवर चढतो. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटंच पुरतो; तेवढ्यात विमान दहा हजार फुटांच्या आसपास उतरवावं लागतं. तिबेटचं पठारच सरासरी जवळजवळ पंधरा हजार फूट उंच आहे. म्हणून सर्वांत जवळची वाट सोडावी लागते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने अटलांटिकवरून जाणारं हे विमान उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० वर गेली आणि प्रवास मात्र साडेचौदा तासांत झाला, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर! आमच्या विद्येचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. भागाकार करून पाहा, सरासरी वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर जातो.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून असं होतं, हा समज चुकीचा आहे. वातावरण तिच्याबरोबरच फिरतं. खरं बळ जेट प्रवाहाचं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा हा वारा जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून मोजला. निष्कर्ष त्यांनी एस्परांतो भाषेत छापले, आणि बाहेरच्या जगात ते फारसे कुणी वाचलेच नाहीत. हिवाळ्यात जपानच्या आसपास हा वारा ताशी तीनशे किलोमीटरही ओलांडतो.

जाताना वाऱ्याने खाल्लेला वेळ येताना परत मिळतो का? पूर्ण नाही. ताशी ९०० च्या विमानाला १२,००० किलोमीटर जायला वारा नसताना तेरा तास वीस मिनिटं लागतात. ताशी शंभरचा वारा समोरून आला तर पंधरा तास, पाठीमागून आला तर बारा. जाऊन-येऊन सत्तावीस तास, म्हणजे वीस मिनिटं तोटाच. कारण साधं आहे: विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं.

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना म्हणूनच आग्रहाने सांगतो, हिवाळ्यात युरोपमार्गे जात असाल तर पुढच्या विमानाआधी तीन-चार तास मोकळे ठेवा. तिकिटावरची वेळ त्या मोसमाच्या सर्वसाधारण वाऱ्यावर बेतलेली असते. तुमच्या दिवसाचा वारा आम्हालाही निघण्याआधी काही तासच नीट कळतो.