डिटेक्टर काय म्हणतोय?

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्याला आठवतो तो देवळाच्या गेटवरचा. त्याला एकच शब्द येतो, "पींsss". किल्ल्या असोत नाहीतर पट्ट्याचं बक्कल, पुढचं काम पोलिसाच्या हाताचं. जमिनीवर फिरवायचा डिटेक्टर मात्र बोलका असतो. तो वेगवेगळ्या सुरांत वाजतो आणि छोट्या पडद्यावर एक आकडाही दाखवतो. बहुतेक लोक आकडा बघतात आणि सुराकडे दुर्लक्ष करतात. माझं मत नेमकं उलट आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गंमत आतल्या गणितात आहे. खालच्या चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि दुसरं वेटोळं ते ऐकतं. पण जरा उशिरा! हा उशीर म्हणजेच फेज. जाड चांदी-तांब्यात प्रवाह रेंगाळतो, उशीर जास्त. पातळ फॉइलमध्ये लगेच विरतो, उशीर कमी. लोखंड तर स्वतःच चुंबकासारखं वागतं, त्याचं उत्तर जवळजवळ ताबडतोब येतं. यंत्र हा उशीर ० ते ९९ अशा एखाद्या पट्टीवर बसवतं, तो झाला आकडा. त्याच पट्टीचे तुकडे करून प्रत्येकाला एक सूर दिला की झाला आवाज. लोखंडाला बहुतेक वेळा घोगरा खर्ज, चांदीला वरचा सूर.

म्हणजे आकडा हे धातूचं नाव नव्हे. धातू, जाडी, आकार, सगळं त्यात एकत्र शिजलेलं असतं. राणीच्या छापाचा चांदीचा रुपया पट्टीच्या वरच्या टोकाला वाजतो. १९९२ पासूनचा स्टेनलेस स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, त्यामुळे तो खिळ्यांच्या वस्तीकडे जाऊन बसतो. (रुपयाच्या घसरणीवर याहून नेमकं भाष्य मी तरी ऐकलेलं नाही.)

आता खरी परीक्षा. राहुरीकडच्या आमच्या एका मावशींच्या मंगळसूत्राची एक वाटी कांदा काढताना वावरात पडली. सोन्याचा भाव काय आहे ते सांगायला नको, पण मावशींना भावाचं काही नव्हतंच. त्यांच्या मुलाने मित्राकडून डिटेक्टर आणला आणि "कचरा नको" म्हणून लोखंड आणि फॉइल दोन्ही गाळून टाकलं. यंत्र गप्प! साहजिकच आहे. वाटी म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ वस्तू, ती फॉइलच्याच आकड्यांत येणार. सोनं आणि गुटख्याची पुडी एकाच पंगतीला.

मग मी म्हटलं, गाळणी काढ आणि नुसतं ऐक. गोळ्यांची चुरगळलेली पाकिटं तुटक, खरखरीत वाजत होती. चकती नव्वद अंशांत वळवून फिरवली की त्यांचा आवाज बदलायचा, आकडा उड्या मारायचा. गोल वस्तू दोन्ही बाजूंनी तशीच वाजते, लहान, कडा साफ असलेला आवाज. मावशी ज्या वाफ्यांत बसल्या होत्या तेवढेच घेतले, तरी दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. वाटी मिळाली तेव्हा मावशींनी ती आधी कपाळाला लावली, मग धुतली.

आकड्यावर माझा राग नाही. पण तो सरासरी काढून एकच उत्तर देतो, आवाज दर फेरीला नवा येतो. आमच्या धंद्यातल्या भाषेत, डॅशबोर्ड आणि लॉग. त्यात आपली जमीन बेसॉल्टची, मातीत मॅग्नेटाइटचे कण. 'ग्राउंड बॅलन्स' नीट केला नाही तर मातीच वाजते, आणि खोलवरच्या चांगल्या वस्तूचा आकडा लोखंडाकडे घसरतो. उलट लोखंडाचा मोठा सपाट पत्रा कधीकधी थेट चांदीचा आकडा दाखवतो. कान दिला तर कडेला त्याची घरघर सापडते.

नगरला (२०२४ पासून अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी नगरच) आणखी एक पथ्य आहे. इथे के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव चालतो. जुन्या तोफगोळ्याच्या तांब्याच्या पट्टीचा सूरही गोडच असतो. तो गोळा जिवंत आहे की मेलेला, हे कुठलाही सूर सांगत नाही. त्या बाजूला यंत्र नेऊच नये.

वाटी सापडल्यावर मुलगा भलताच चढला. "दादा, दायमाबादला जाऊ या का?" मी सरळ नाही म्हटलं. संरक्षित स्थळी खणणं हा गुन्हा आहेच. शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तरी कलेक्टरला कळवावं लागतं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी, याच दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. यंत्राविना! चारही मिळून साठ किलोंच्या वर, डिटेक्टर नुसता किंचाळला असता. पण त्या वस्तू शास्त्रीय उत्खननात, नोंदलेल्या थरातून निघाल्या नाहीत. पुढे १९७९ पर्यंत तिथे रीतसर उत्खनन झालं, तरी त्या नेमक्या कुठल्या काळातल्या यावर अभ्यासकांचा वाद राहिलाच.