कागदावरची छोटी टेकडी

आपण दागिन्यांच्या पावत्या जपतो, मुलांच्या गुणपत्रिका जपतो; पण घरातल्या बाईचा जुना कार्डिओग्राम मागितला, की शोधाशोध सुरू होते. तो का जपावा, हे मला थोरल्या जाऊबाईंमुळे कळलं.

त्या नळदुर्गला असतात. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं, तपासण्या झाल्या आणि कार्डिओग्रामवर यंत्रानेच छापून दिलं – ‘टी’ लहर असामान्य. झालं! भाऊजींचा चेहरा उतरला, सूनबाईंनी खंडोबाला नारळ बोलला, आणि सगळे सोलापूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी आधी विचारलं, “चढताना दम लागतो का?”

जाऊबाई म्हणाल्या, “गेल्या श्रावणात पाहुण्यांना नर-मादी धबधबा दाखवायला सगळा किल्ला पालथा घातला. पाहुणे बसले, मी नाही!”

मग त्यांनी कागद उलगडला. कार्डिओग्रामवरच्या लहरींना पी ते टी ही अक्षरं दिली ती नेदरलँड्सच्या आइंटहोवेन यांनी. त्यांना 1924 साली नोबेल पारितोषिक मिळालं. पी ही हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लहर. मधली उंच टोकं खालच्या कप्प्यांची. आणि शेवटची टी म्हणजे ते कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतानाची छोटी टेकडी; हळू चढणारी, जरा लवकर उतरणारी.

कार्डिओग्राम हृदयाकडे बारा बाजूंनी बघतो. बहुतेक बाजूंनी ही टेकडी वर असते. ‘एव्हीआर’मध्ये ती खालीच असायला हवी. छातीवरच्या पहिल्या जागी खाली असली तरी चालते. काही निरोगी बायकांत दुसऱ्या-तिसऱ्या जागीही ती खाली वळलेली असते. जाऊबाईंचं तसंच होतं. सूनबाईंनी सहा वर्षांपूर्वीचा कागद पिशवीतून काढला. हुबेहूब तोच! ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.

म्हणून अशा शेऱ्याकडे काणाडोळा करायचा, असं मात्र नाही. पूर्वी वर असलेली टी नव्याने खाली वळली, तर हृदयाला रक्त कमी पडत असू शकतं. टी उंच, टोकदार झाली तर रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असू शकतं. जुलाबांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ते घटलं, तर टी सपाट होते. निवाडा डॉक्टरांचाच.

आपल्या हातात काय? तपासणीच्या वेळी संकोच करू नये. पट्ट्या योग्य जागी लागल्या नाहीत, तर लहरी बदलतात. कार्डिओग्रामचा कागद बहुधा उष्णतेने छापलेला असतो, काही वर्षांत पुसट होतो. त्याची लगेच झेरॉक्स काढावी, तारीख आणि तेव्हाचा त्रास मागे लिहावा.

आणि एक. जुना कागद कितीही चांगला असो, छातीत दाब, जबडा किंवा पाठ दुखणं, दम, मळमळ, गार घाम असं काही झालं, तर “पित्त असेल” म्हणून पोळ्या उरकत बसू नका. पहिला कार्डिओग्राम ठीक आला तरी डॉक्टर थांबायला सांगतील, पुन्हा काढतील. थांबा. त्या दिवशी स्वयंपाक दुसरं कुणी करील.