पदराचा रंग

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर एखाद्या मयत माणसाचा फोटो मागितला, की पुष्कळदा पत्र्याच्या पेटीतून निघतं ते मतदार ओळखपत्र. ही कार्डं 1993पासून निघू लागली. तोवर कित्येकांना कॅमेऱ्यासमोर बसायचं कारणच पडलं नव्हतं. चिकूच्या वाडीवाल्यांच्या दिवाणखान्यात आजोबा-पणजोबांच्या तसबिरी असत. वेठबिगारीत राबलेल्यांच्या कुडाच्या घरात मात्र तिकिटाएवढा एकच काळा-पांढरा चेहरा. तोच मोठा करून, रंगवून, हार घालून भिंतीवर लागतो.

मी असे चेहरे रंगवतो. गेल्या पावसाळ्यात एक तरुण आजीचं कार्ड घेऊन आला. कार्ड हातात देताना हळूच म्हणाला, "दादा, जरा उजळ करा."

"आजी उजळ होती का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही. जन्मभर लावणीत वाकलेली असायची."

पूर्वी ब्रोमाइड प्रिंटवर कापसाच्या बोळ्यानं पातळ रंग चढवत. आता संगणकावर रंगाचा थर वेगळा ठेवता येतो, त्यामुळे खालच्या छाया-प्रकाशाला धक्का लागत नाही. कसब मात्र तेच, नजरेचं. कातडीला एक रंग कधीच नसतो. कपाळावर पिवळसर झाक, नाकाच्या शेंड्याला आणि कानाच्या पाळीला तांबूस, डोळ्यांखाली जांभळट. सगळीकडे एकच तपकिरी ओतला, की माणसाचा पुतळा होतो. आणि सावळ्या गालाच्या हाडावर जो उजेड चमकतो, तो कातडीचा नसतो, आभाळाचा असतो. उघड्यावर काढलेल्या फोटोत तिथे निळसर कण ठेवावा लागतो. तो ठेवला आणि आजीचा गाल जिवंत झाला. उजळ करावा लागला नाही.

अडलं ते पदरापाशी. खांद्यावर लुगड्याची बोटभर पट्टी दिसत होती, राखाडी. संगणकानं आपल्या मनानं तिथे निळा भरला होता. लाल आणि हिरवा कृष्णधवल फोटोत एकाच राखाडीत उतरू शकतात. त्या राखाडीतून मूळ रंग परत काढायची वाट नाही. यंत्र अंदाज बांधतं आणि तो अंदाज खरा वाटावा इतका सफाईदार असतो. म्हणूनच त्याची भीती वाटते.

मी नातवाला विचारलं. त्याला आठवेना. दोन दिवसांनी तो आजीच्या धाकट्या बहिणीला घेऊन आला. म्हातारीनं पडद्यावरच्या निळ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. लुगडं हिरवं होतं, काठ तांबडा. बाजाराच्या दिवशी दोघींनी एकसारखी घेतली होती. मी रंग बदलत गेलो, ती पोपटी नको, गर्द नको, असं सांगत गेली. एका हिरव्यापाशी ती थांबली आणि पदर डोळ्यांना लावला.

इथल्या वारली आदिवासींच्या चित्रात माणसाला नाक-डोळे नसतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे दोन त्रिकोण आणि वर वाटोळं डोकं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं जगभर नेली, तीही याच मोजक्या रेषांत. त्या चित्रातला माणूस सगळ्यांचा असतो. फोटोतला चेहरा एकाचाच. म्हणून त्यात आपल्या मनचा रंग भरायचा हक्क कोणालाच नाही.

1945 साली इथल्याच झरी गावात किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांसमोर वारली जमले आणि वेठबिगार मोडायला उठले. त्या दिवसांतल्या लाल बावट्याचा रंग फोटोत काळपट दिसला, तरी इथल्या कोणाला विचारावा लागत नाही. इतिहासानं तो राखून ठेवला आहे. त्या बावट्यापाशी उभ्या राहिलेल्या एखाद्या बाईच्या लुगड्याचा रंग मात्र फक्त तिच्या बहिणीला, फार तर लेकीला ठाऊक असतो.

तेव्हा घरातला जुना फोटो रंगवायला द्यायच्या आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ तो घेऊन बसा. लुगडं कोणतं, पागोटं कोणतं, मणी कसले, कातडी कशी, सगळं विचारा. सांगतील ते फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीनं, दाब न देता लिहून ठेवा. मूळ फोटो तसाच जपा. आणि कोणालाही उजळ करू नका.